‘देव मानत नाही’ आणि ‘देव नाहीच’ : हा फरक मुलांना कोणत्या क्रमानं समजवायचा

प्रबळ आणि दुर्बळ नास्तिकता शिकवून झाल्यावर मुलांना त्याचा अर्थ लिहायला सांगा. बऱ्याच वह्यांत असं काहीतरी सापडेल: ‘प्रबळ नास्तिक म्हणजे देवाला कडक विरोध करणारा, दुर्बळ नास्तिक म्हणजे देवाला थोडंथोडं मानणारा.’ यातले दोन्ही अर्धे भाग चूक आहेत. दुर्बळ नास्तिक देवाला थोडंही मानत नाही आणि प्रबळ नास्तिक कडक असेलच असं नाही. तो अतिशय शांत, मृदू बोलणारा माणूसही असू शकतो.

खरा फरक इतका आहे. देव आहे हा दावा ज्यानं स्वीकारलेला नाही आणि जो तिथेच थांबतो, तो दुर्बळ नास्तिक. जो त्यापुढे एक पाऊल टाकून ‘देव अस्तित्वात नाही’ असा स्वतःचा दावा मांडतो, तो प्रबळ नास्तिक.

हे समजायला अवघड नाही. तरी बिघडतं, कारण आपण क्रम चुकवतो. आधी फळ्यावर नावं लिहितो आणि मग अर्थ सांगतो. ‘प्रबळ’ आणि ‘दुर्बळ’ हे शब्द कानावर पडताच मुलं त्यांना ताकद आणि कमजोरी जोडून मोकळी होतात आणि पुढचं ऐकतच नाहीत. म्हणून या लेखात नावं चौथ्या टप्प्यावर येतात. घाई वाटली तरी त्याआधी आणू नका.

हा क्रम आठवी ते दहावीच्या मुलांसाठी आहे. पंचेचाळीस मिनिटांच्या दोन बैठका ठेवा. पहिल्या बैठकीत टप्पा १ ते ३ आणि दुसरीत उरलेले घ्या. एकाच दिवशी सगळं उरकलं तर तिसऱ्या आणि पाचव्या टप्प्याची सरमिसळ होते.

## तयारी

‘देव’ म्हणजे कोण, ते आधी ठरवा. ठरवलं नाही तर एक मूल टेकडीच्या गणपतीबद्दल बोलतं, दुसरं निसर्गशक्तीबद्दल, तिसरं ‘आईच माझा देव’ म्हणतं, आणि अर्धा तास निघून जातो. पहिल्या बैठकीपुरती एकच व्याख्या घ्या: जग निर्माण करणारा आणि चालवणारा, सर्वशक्तिमान, सगळं जाणणारा. ती फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात लिहा आणि पुसू नका.

वर्गात कोण बसलंय ते ओळखा. नागपूरच्या एकाच बाकावर दसऱ्याला घरच्यांसोबत दीक्षाभूमीवर जाणारं मूल असतं, मोमिनपुऱ्यातून रोजा धरून आलेलं मूल असतं, इतवारीतल्या जैन घरातलं असतं आणि दर मंगळवारी देवळात जाणारंही असतं. बौद्ध आणि जैन या दोन्ही परंपरांमध्ये जगाचा निर्माता ईश्वर मानलेला नाही, पण दोन्ही धर्म आहेत. त्यामुळे ‘एका बाजूला धार्मिक, दुसऱ्या बाजूला नास्तिक’ अशी रेघ आपल्या शहरात पहिल्या पाच मिनिटांत मोडते. ती ओढूच नका.

दिवस जपून निवडा. पोळा, मारबतीची मिरवणूक आणि गणपती यांच्या गर्दीत किंवा दसऱ्याच्या आठवड्यात हा विषय घेतला, तर मुलांना आपल्या सणावर कुणी बोट ठेवतंय असं वाटतं. त्या दिवसांत विषय बरोबर असला तरी कानांपर्यंत पोचत नाही.

पालकांना दोन ओळी कळवा. ‘मुलांना वेगवेगळ्या भूमिकांचे अर्थ शिकवत आहोत, कोणतीही भूमिका घ्यायला लावत नाही.’ नंतर हेच सांगावं लागलं तर ते सफाई दिल्यासारखं होतं.

> तपासा : खालच्या दुसऱ्या टप्प्यातल्या दोन्ही प्रश्नांची तुमची स्वतःची उत्तरं कागदावर लिहून पाहा. ती वर्गात सांगायची नाहीत. पण तुम्हालाच दुसऱ्या प्रश्नावर अडखळायला झालं, तर मुलं कुठे अडखळतील ते कळेल.

## टप्पा १ : देव बाजूला, आधी संत्र्यांचा क्रेट

कळमना मार्केटमधून आलेला संत्र्यांचा क्रेट समोर आहे असं समजा. खरा आणलात तर उत्तमच. एकजण म्हणतो, ‘यात एक तरी बिनबियांचं संत्रं आहे.’ एकही संत्रं अजून सोललेलं नाही. मुलांना विचारा, तुमचं काय म्हणणं?

उत्तरं तीन प्रकारची येतात. काही म्हणतील, ‘असेल, तो म्हणतोय ना.’ काही म्हणतील, ‘कशावरून? मला नाही पटत.’ आणि काही ठासून सांगतील, ‘नाहीच आहे.’ ही तीन वाक्यं मुलांच्याच शब्दांत फळ्यावर लिहा. ‘काहून मानू?’ असं कुणी म्हणालं तर तेच लिहा.

आता दुसऱ्या आणि तिसऱ्या वाक्यावर थांबा. पूर्ण धडा इथे आहे, म्हणून इथे वेळ घालवायला हरकत नाही. दुसऱ्या वाक्याच्या मुलाला विचारा: ‘म्हणजे यात बिनबियांचं संत्रं नाही असं तू म्हणतोस?’ विचार करणारं मूल सांगेल, ‘नाही सर, तसं नाही म्हटलं. आहे हे मला पटलं नाही, एवढंच म्हटलं.’ हे वाक्य कुणाच्या तोंडून आलं की त्याला दाद द्या. आलं नाही तर स्वतः सांगू नका, प्रश्न उलटा करून पुन्हा विचारा: ‘नाही हे तुला माहीत आहे का?’

मग तिसऱ्या वाक्याच्या मुलाकडे वळा. ‘नाहीच आहे’ हे तू कसं दाखवशील? सगळी संत्री सोलून, असं उत्तर येईल. बरोबर. क्रेटला तळ असतो, संत्री मोजता येतात, म्हणून इथे ‘नाही’ हेही सिद्ध करता येतं. आता क्रेटच्या जागी सगळं मार्केट घ्या, मग विदर्भातल्या सगळ्या बागा. काम वाढत जातं.

शेवटी एक नवा दावा करा: ‘या क्रेटमध्ये एक संत्रं असं आहे, जे पूर्ण सोललेलं आहे आणि त्याच वेळी त्याची साल अखंड आहे.’ हे खोटं ठरवायला सोलायची गरज आहे का? मुलं हसतील आणि नाही म्हणतील. म्हणजे ‘नाही’ सिद्ध करण्याचे दोन मार्ग झाले. एक शोधून संपवण्याचा, दुसरा दाव्यातच अंतर्विरोध दाखवण्याचा. दोन्ही फळ्यावर राहू द्या, तिसऱ्या टप्प्यात लागतात.

> सावधान : ‘म्हणजे देव संत्र्यासारखा आहे का?’ असा प्रश्न येतो. नाही. संत्रं फक्त ‘पटलं नाही’ आणि ‘नाहीच’ यांतलं अंतर दाखवायला आहे. तेवढं झालं की क्रेट बाजूला ठेवा आणि संत्री वाटून टाका.

## टप्पा २ : दोन प्रश्न, चार घरं

फळ्यावर दोन प्रश्न लिहा.

१. देव आहे, असं तू मानतोस का?
२. देव नाही, असं तू मानतोस का?

मुलांना वाटतं दोन्ही एकच आहेत, फक्त उलटे. ते तसे नाहीत हे उत्तरांच्या जोड्या लावून दाखवा.

पहिल्याला ‘हो’, दुसऱ्याला ‘नाही’ : हा श्रद्धावान.
पहिल्याला ‘नाही’, दुसऱ्याला ‘हो’ : याला देव पटलेला नाही आणि देव नाही असा त्याचा स्वतःचा दावाही आहे.
पहिल्याला ‘नाही’, दुसऱ्यालाही ‘नाही’ : याला देव पटलेला नाही, पण देव नाही असा दावाही तो करत नाही.
दोन्हीला ‘हो’ : हे घर रिकामं ठेवावं लागतं, कारण एकाच अर्थानं दोन्ही गोष्टी मानता येत नाहीत.

नावं अजून लिहू नका. घरांना अ, ब, क, ड म्हणा.

आता ब आणि क घरांकडे बोट दाखवून विचारा, या दोघांत सारखं काय? पहिल्या प्रश्नाचं उत्तर. दोघांनीही तिथे ‘नाही’ म्हटलेलं आहे. देव मानण्याच्या बाबतीत क हा ब पेक्षा तसूभरही ‘जास्त धार्मिक’ नाही. ‘थोडंथोडं मानणारा’ ही चूक इथेच मुळापासून निघते, नंतर काढायला फार कष्ट पडतात.

> तपासा : मुलांना वही बंद करायला सांगा आणि विचारा: ‘क घरातला माणूस देव मानतो का?’ एकानंही ‘थोडा’ म्हटलं तर पुढे जाऊ नका.

## टप्पा ३ : पुरावा कुणी द्यायचा?

नियम एका ओळीचा आहे: जो दावा करतो, तो आधार देतो. अ दावा करतो, म्हणून आधार त्यानं द्यायचा. ब सुद्धा दावाच करतो, म्हणून आधार त्यालाही द्यावा लागतो. क दावा करत नाही. त्याला फक्त ‘का पटलं नाही’ एवढं सांगता यायला हवं.

नास्तिकतेकडे ओढा असलेली मुलं (आणि मोठेही) इथे हमखास घसरतात. ती ब घरात उभी राहून क घराची सवलत मागतात. म्हणजे ‘देव नाहीच’ असं ठणकावतात आणि आधार विचारला की म्हणतात, ‘पुरावा तुम्ही द्या.’ हे चालत नाही. ‘नाहीच’ म्हटलं की काम अंगावर आलं.

ते काम कसं केलं जातं, याचं एक उदाहरण मुलांच्या ओळखीचं आहे. भगतसिंगांनी १९३० साली लाहोरच्या तुरुंगात आपण नास्तिक का आहोत हे सांगणारा निबंध लिहिला. त्यात ते विचारतात, देव सर्वशक्तिमान असेल तर माणूस गुन्हा करत असताना तो त्याला अडवत का नाही? पहिल्या टप्प्यातला दुसरा मार्ग आठवा. सर्वशक्तिमान आणि दयाळू देव एकीकडे, जगातलं दुःख दुसरीकडे, आणि या दोन गोष्टी एकत्र बसत नाहीत असं दाखवण्याचा हा प्रयत्न आहे.

श्रद्धावानांचं उत्तरही लगेच सांगा: देवानं माणसाला निवडीचं स्वातंत्र्य दिलं आहे, म्हणून तो हात धरत नाही. त्यावर प्रतिप्रश्न असा येतो, की मग भूकंपात मरणाऱ्या बाळाचं काय? हा वाद आजही चालू आहे. तुम्ही तो मिटवायचा नाही, फक्त दोन्ही बाजू आधार देण्याचं काम करताहेत हे दाखवायचं आहे.

आणि ‘विज्ञानानं देव नाही हे सिद्ध केलंय’ हे वाक्य वर्गात आलं तर तिथल्या तिथे दुरुस्त करा. असा कोणताही प्रयोग झालेला नाही. एखाद्या घटनेमागचं नैसर्गिक कारण विज्ञान सांगतं आणि त्यामुळे देवाला कारण मानायची गरज तिथे उरत नाही. यातून क घराला बळ मिळतं. ब घरात जायला आणखी युक्तिवाद लागतो.

पहिली बैठक इथे संपवा.

## टप्पा ४ : आता नावं

ब घरावर ‘प्रबळ’ आणि क घरावर ‘दुर्बळ’ लिहा. मुलांना इंटरनेटवर ‘स्ट्राँग’ आणि ‘वीक’, किंवा ‘पॉझिटिव्ह’ आणि ‘निगेटिव्ह’ असे शब्द दिसतील, तेही सांगून ठेवा. ही दुसरी जोडी ब्रिटिश तत्त्वज्ञ अँटनी फ्लू यांनी १९७२ साली मांडली. ‘निगेटिव्ह’ म्हणजे वाईट विचारांचा असा अर्थ मुलं लावतात, तो तिथेच खोडा. ही विशेषणं दाव्याची आहेत, माणसाची नाहीत. मोठा दावा करणारी भूमिका ती प्रबळ. तिला जास्त आधार लागतो, त्यामुळे वादात राखायला तीच अवघड असते.

एक गोष्ट लपवू नका: सगळे तत्त्वज्ञ ही विभागणी मान्य करत नाहीत. अनेकांच्या मते ‘नास्तिक’ हा शब्द फक्त ब घरासाठीच वापरावा. मुलं पुढे वाचतील तेव्हा त्यांना हे सापडणारच, आणि तेव्हा तुमच्यावरचा त्यांचा विश्वास डळमळायला नको.

## टप्पा ५ : मानणं, जाणणं आणि खात्री

अज्ञेयवादी कुठे बसतो, हा प्रश्न कुणीतरी आता विचारेल. ‘मधे’ असं उत्तर देऊ नका. अज्ञेयवाद मानण्याबद्दल बोलत नाही, जाणण्याबद्दल बोलतो. ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ थॉमस हक्सली यांनी १८६९ साली यासाठी इंग्रजीत जो शब्द घडवला, त्यामागचा मुद्दा असा की ज्याचा आधार नाही ते आपल्याला माहीत आहे असं म्हणू नये. देव आहे की नाही हे कळू शकत नाही असं म्हणणारा माणूस तरीही श्रद्धावान असू शकतो, किंवा क घरात असू शकतो. त्याला पहिला प्रश्न वेगळा विचारावाच लागतो.

खात्रीचंही तसंच. प्रत्येक घरात खात्री कमीजास्त असते. ‘देव नाही असं मला वाटतं, पण मी चुकत असेन’ असं म्हणणारा ब घरातच आहे, कारण दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यानं ‘हो’ दिलं आहे. शंभर टक्के खात्री म्हणजे प्रबळ आणि नव्वद टक्के म्हणजे दुर्बळ, ही मोजपट्टी चुकीची आहे. अनेक मोठ्यांच्या लेखांतही ती दिसते.

> सावधान : मानणं, जाणणं आणि खात्री या तीन गोष्टी एकाच आकृतीत कोंबू नका. चार घरांची आकृती फक्त मानण्याची आहे.

## टप्पा ६ : नागपुरातल्याच वाक्यांवर सराव

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दीक्षाभूमीवर अनुयायांना दिलेल्या बावीस प्रतिज्ञा अनेक मुलांना पाठ असतात. वाक्यांचे प्रकार ओळखायला त्यांच्याइतकं नेमकं साहित्य मला दुसरं माहीत नाही.

पहिली प्रतिज्ञा ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव मानणार नाही आणि त्यांची उपासना करणार नाही, अशी आहे. हा आचरणाचा निश्चय आहे. चौथी सांगते की देवानं अवतार घेतला यावर माझा विश्वास नाही. रचना क घराची आहे: विश्वास नाही, आणि तिथेच पूर्णविराम. पाचवी मात्र पुढे जाते. बुद्ध हा विष्णूचा अवतार आहे हा प्रचार खोटा आणि खोडसाळ आहे, असं ती ठामपणे म्हणते. ही ब घराची रचना झाली. लागून येणाऱ्या दोन प्रतिज्ञांत दोन वेगळी पावलं आहेत, आणि शब्द किती मोजून वापरले आहेत ते मुलांना स्वतः पाहू द्या.

इथून एक महत्त्वाची गोष्ट हाती लागते. पाचव्या प्रतिज्ञेतला ठाम नकार एका विशिष्ट दाव्यापुरता आहे. माणूस एका दाव्याबाबत प्रबळ आणि दुसऱ्याबाबत दुर्बळ असू शकतो. फळ्याच्या कोपऱ्यातली व्याख्या कशासाठी होती, ते आता मुलांना कळतं.

> सावधान : हा वाक्यांचा अभ्यास आहे. वर्गातल्या कुणाच्या घरावर चिठ्ठी चिकटवण्यासाठी तो वापरू देऊ नका. ‘म्हणजे तुझे घरचे ब का?’ असं कुणी म्हणालं तर लगेच थांबवा.

## हमखास होणाऱ्या गल्लती

अंधश्रद्धेचा विरोध म्हणजे नास्तिकता. गाडगेबाबा जन्मभर नवस, बळी आणि बुवाबाजीविरुद्ध बोलले, आणि त्यांचं कीर्तन ‘गोपाला गोपाला, देवकीनंदन गोपाला’च्या गजरात चालायचं. राज्याचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदासुद्धा देव मानण्याला हात लावत नाही. तो अमानुष आणि अघोरी प्रथांविरुद्ध आहे.

सणात भाग घेतला म्हणजे आस्तिक. ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणून ओरडणाऱ्या गर्दीत अ, ब आणि क या तिन्ही घरांचे शेजारी असतात. कृतीवरून घर ओळखता येत नाही, विचारावं लागतं.

पाठ्यपुस्तकातला ‘नास्तिक’. भारतीय दर्शनांच्या धड्यात चार्वाक, बौद्ध आणि जैन यांना नास्तिक म्हटलेलं असतं, कारण ती दर्शनं वेदांचं प्रामाण्य मानत नाहीत. त्याच धड्यातलं सांख्य दर्शन आस्तिक गणलं जातं, पण त्याच्या जुन्या मांडणीत निर्मात्या ईश्वराला जागा नाही. परीक्षेत धड्यातला अर्थ लिहायचा आणि आपल्या चर्चेत हा वापरायचा, एवढं सांगून पुढे जा.

## मुलं विचारतातच असे प्रश्न

‘मंग आजीनं दिलेला प्रसाद खायचा का नाही?’ खायचा. आजी मायेनं देते, आणि दोन्ही प्रश्नांची तुमची उत्तरं काहीही असली तरी त्यांत काही बदलत नाही.

‘नुकतं जन्मलेलं बाळ दुर्बळ नास्तिक असतं का?’ काही लेखक तसं म्हणतात, काहींना ते पटत नाही, कारण बाळानं प्रश्नच ऐकलेला नसतो. यावर दोन मिनिटांपेक्षा जास्त देऊ नका.

‘सर, तुम्ही कोणत्या घरात?’ माझं मत ठाम आहे: दुसरी बैठक संपेपर्यंत सांगू नका. तुमचं घर कळलं की अर्धा वर्ग तिकडे सरकतो. खोटंही बोलू नका. ‘तपासणी झाली की सांगतो’ म्हणा, आणि झाल्यावर खरंच सांगा. मुलांनाही त्यांचं घर जाहीर करायला लावू नका. राज्यघटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदानं सद्सद्विवेकाचं स्वातंत्र्य दिलेलं आहे, आणि ज्याला सांगायचं नाही त्याचं गप्प राहणं त्यातच येतं.

## शेवटची तपासणी

ही वाक्यं चिठ्ठ्यांवर लिहून द्या आणि घर लिहून घ्या. कोणतंच घर लागत नसेल तर ‘सांगता येत नाही’ हेही उत्तर चालेल.

१. ‘देव आहे हे मला पटेल असं अजून कुणी दाखवलेलं नाही, आणि नाही असंही मी म्हणत नाही.’ क.

२. ‘जगात इतकं दुःख आहे, म्हणजे सर्वशक्तिमान आणि दयाळू देव असूच शकत नाही.’ ब, सर्वशक्तिमान आणि दयाळू अशा देवापुरता.

३. ‘देव आहे, पण नवसाला पावतो हे खोटं.’ अ.

४. ‘मला देवळात जायचा कंटाळा येतो.’ सांगता येत नाही.

५. ‘देव आहे की नाही हे माणसाला कधीच कळणार नाही.’ सांगता येत नाही, पहिला प्रश्न विचारावा लागेल.

६. ‘देव नाही असं मला वाटतं, पण पक्की खात्री नाही.’ ब.

सहावं सर्वांत जास्त चुकतं. खात्री कमी दिसली की मुलं क लिहितात. अशा मुलाला पुन्हा संत्र्यांपाशी नेऊ नका, तो भाग त्याला आलेला आहे. त्याच्यासोबत फक्त पाचवा टप्पा पुन्हा करा: आधी दोन प्रश्नांची उत्तरं लिहायला लावा, आणि ती लिहून झाल्यावरच खात्री किती ते विचारा.